कुलूपबंद बंबखाना

पेन्सिल्वेनियातल्या तीन-चार हजार वस्तीच्या एखाद्या गावी लेकीकडे चार महिने राहायला गेलेले पुण्या-नाशिकचे आजोबा संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडतात. मुख्य रस्त्यावर लाल विटांची एक इमारत लागते. रुंद शटरं, काचेतून दिसणारे दोन-तीन चकचकीत बंब, छपरावर मोठा भोंगा. दाराशी पाटी: शनिवारी सकाळी पॅनकेकचा नाश्ता, सगळ्यांनी यावं. आजोबा काचेला नाक लावून आत बघतात. आत चिटपाखरू नाही आणि दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आपल्याकडे अग्निशमन केंद्र म्हटलं की गणवेशातले जवान, पाळ्या, रात्रीही जळणारा दिवा हे डोळ्यांपुढे येतं. मग इथं आग लागली तर विझवायला येणार कोण?

येणार असतात ते लेकीचे शेजारीच. गल्लीच्या टोकाचा प्लंबर, शाळेतले विज्ञानाचे मास्तर, किराणा दुकानात पैसे घेणारी मुलगी, निवृत्त ट्रकचालक. बहुतेकांना या कामाचा पगार नसतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या २०२० सालच्या मोजणीनुसार त्या देशात १० लाख ४१ हजारांच्या आसपास फायरमन होते आणि त्यांतले ६ लाख ७६ हजार ९०० स्वयंसेवक होते. म्हणजे शंभरातले पासष्ट. मोठ्या शहरांत पगारी दलं, छोट्या गावांत स्वयंसेवी, अशी ढोबळ वाटणी. जर्मनीतली बहुतेक गावं अशाच दलांवर विसंबून असतात. चिलीत तर राजधानी सांतियागोची आगही स्वयंसेवकच विझवतात.

हे चालतं कसं? हौस आणि धाडस असलं की भागतं, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात हा सगळा मिनिटांचा हिशेब आहे, आणि त्यातली बरीचशी मिनिटं आग लागण्याच्या कितीतरी आधी, कुठल्याशा निवांत संध्याकाळी कमवावी लागतात.

भोंगा वाजतो तेव्हा

गावातल्या कुणीतरी ९११ फिरवलं की फोन जातो जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात. (हा क्रमांक अमेरिकेत पहिल्यांदा वापरला गेला तो न्यूयॉर्कमध्ये नव्हे, तर अलाबामातल्या हेलीव्हिल या छोट्या गावात, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी.) कक्षातला माणूस पत्ता विचारून एक कळ दाबतो. प्रत्येक स्वयंसेवकाच्या कमरेचा पेजर किंचाळतो, मोबाइल वाजतो, अनेक गावांत छपरावरचा भोंगाही सुरू होतो. भोंग्याचं काम दुहेरी आहे. तो स्वयंसेवकांना बोलावतो आणि बाकीच्यांना सांगतो, ‘रस्ता मोकळा ठेवा, घाईतली माणसं येताहेत.’

मग प्लंबर हातातला पाना खाली ठेवतो, गाडीत बसतो, बंबखाना गाठतो, जाड कोट, बूट, शिरस्त्राण चढवतो. बंब चालवायला शिकलेला निदान एकजण येईपर्यंत गाडी हलत नाही. पगारी केंद्रात जवान आधीच हजर असतात, म्हणून बंब मिनिट-दीड मिनिटात बाहेर पडतो. इथं तेवढ्या वेळात प्लंबर जेमतेम स्वतःच्या अंगणातून निघालेला असतो.

स्वयंसेवी दलांसाठी अमेरिकेत जे मानक आहे त्यात ही अडचण मोकळेपणानं मान्य केली आहे. चौरस मैलात ५०० पेक्षा कमी वस्ती असलेल्या ग्रामीण भागात, संदेश मिळाल्यापासून १४ मिनिटांत ६ माणसं आगीच्या जागी पोचावीत आणि दहांतल्या आठ वेळा तरी हे जमावं, अशी अपेक्षा आहे. दाट वस्तीत मुदत ९ मिनिटांची, पण माणसं १५ लागतात.

माणसांच्या आकड्याचंही कारण आहे. तिथल्या कामगार सुरक्षा नियमानुसार पेटलेल्या इमारतीत दोघं आत शिरली तर दोघं बाहेर तयार उभी हवीत. आतले अडकले तर त्यांना काढायचं कुणी, हा प्रश्न आधी सोडवायचा. पंप चालवायला आणखी एक, हुकूम द्यायला आणखी एक. झाली सहा. कुणी आत अडकल्याची खात्रीलायक खबर असेल तर या नियमातून सूट मिळते. एरवी चौघं जमेपर्यंत पाण्याचा मारा बाहेरूनच होतो. बघ्यांना वाटतं, ‘नुसते उभे काय राहिलेत!’

चूल, फुंकणी आणि सोफा

चौदा मिनिटं थोडी की फार, हे आगीला विचारायला हवं.

ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना आगीचं शास्त्र शिकवावं लागत नाही. लाकूड हवं, काडीची धग हवी आणि फुंकणीतून वारा हवा. यातलं एक काढून घेतलं की चूल विझते. लाकडं एकमेकांपासून दूर ओढली तरी ज्वाळा बसते, कारण प्रत्येक लाकूड शेजारच्याला तापवत असतं. बंद खोलीत हेच मोठ्या प्रमाणावर होतं. कोपऱ्यातला सोफा पेटतो, तप्त धूर छताला भिडतो, तिथं त्याचा थर साचतो आणि तो थर खाली असलेल्या प्रत्येक वस्तूवर भाजणीच्या भट्टीसारखी धग टाकत राहतो. पडदे, गालिचा, पुस्तकं ज्वाळा न लागताच तापतात, त्यांतून पेट घेणारे वायू निघू लागतात. छताजवळचं तापमान सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसवर गेलं की सगळी खोली जवळपास एकाच क्षणी पेटते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. त्या खोलीत त्यानंतर माणूस वाचत नाही. संपूर्ण पोशाख घातलेल्या फायरमनलाही काही सेकंदच मिळतात.

हा क्षण किती वेळात येतो? अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणी संस्थेनं २००९ साली दोन बैठकीच्या खोल्या शेजारी-शेजारी उभारून पेटवल्या. एकीत जुन्या धर्तीचं लाकूड-कापसाचं सामान होतं. तिथं फ्लॅशओव्हरला २९ मिनिटं ३० सेकंद लागली. दुसरीत आजच्या बाजारातला फोमचा सोफा, कृत्रिम धाग्यांचे पडदे, तसाच गालिचा होता. तिथं लागली ३ मिनिटं ४० सेकंद.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बंबाला मुदत १४ मिनिटांची आणि खोली भडकते चौथ्या मिनिटाला. आजीच्या काळच्या सागवानी पलंगानं फायरमनला अर्धा तास दिला असता. आजचा सोफा चहा उकळेपर्यंतही थांबत नाही. मधल्या दहा मिनिटांत घरातल्या माणसांना स्वतःलाच जगवायचं असतं. म्हणूनच ही दलं बंबाइतकाच जीव दोन साध्या गोष्टींवर टाकतात: छताला लावलेला धुराचा अलार्म आणि झोपताना लोटून घेतलेलं दार. अलार्ममुळे जाग येते. बंद दार फुंकणी काढून घेतं आणि धूर अडवतं. पेटलेल्या घरांच्या चाचण्यांत बंद आणि उघड्या दाराच्या खोल्यांतला तापमानाचा फरक कित्येक शे अंशांचा आढळला आहे. कितीतरी गावांत स्वयंसेवक घरोघरी जाऊन अलार्म फुकट बसवून देतात. त्या रविवारच्या फेरीनं वाचलेले जीव कुठल्या शौर्यपदकात मोजले जात नाहीत, पण दलाची खरी कमाई बहुधा तीच असावी.

चौकट : कढई पेटली तर

तेलानं पेट घेतला तर पहिली गोष्ट, गॅस बंद. दुसरी, कढईवर घट्ट बसणारं झाकण किंवा मोठी ताटली बाजूनं सरकवून ठेवणं. पाणी अजिबात नाही. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं तळाशी जातं आणि तापलेल्या तेलात क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते; ती वर उसळताना पेटतं तेल घरभर फेकते. झाकण ठेवल्यावर कढई हलवू नये आणि गार होईपर्यंत उघडून बघू नये. सिलिंडरचा वायू हवेहून जड असल्यानं जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद दोन्ही करू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडून फोन करावा. भारतात गॅसगळतीसाठी १९०६ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२.

पाणी आणायचं कुठून

हीच १,७०० पट वाफ फायरमनच्या कामी येते. पाणी आग ‘भिजवून’ विझवतं असं वाटतं, पण त्याचा मोठा पराक्रम वाफ होताना घडतो. एक लिटर पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. ती सगळी आगीतून ओढून घेतली जाते.

पण तेवढं पाणी हवं. शहरात कोपऱ्यावर हायड्रंट असतो. शेतावरच्या घराशी कुठला हायड्रंट? बंबाच्या पोटात साधारण ३,८०० लिटर पाणी असतं आणि आत शिरताना वापरतात त्या एका पाइपातून मिनिटाला ५७० लिटर जातं. भागाकार करा: सात मिनिटांच्या आत टाकी कोरडी.

यावरचा तोडगा लग्नाच्या पंगतीत भात वाढलेला कुणीही ओळखेल. एक पातेलं वाढपात, दुसरं वाटेत, तिसरं चुलीवर, आणि पंगत थांबता कामा नये. आगीपाशी ताडपत्रीचा घडीचा हौद उघडतात, मुलांच्या पोहण्याच्या तलावासारखा. बंब त्यातून पाणी खेचत राहतो आणि टँकर आळीपाळीनं येऊन तो भरत राहतात. समजा ११,४०० लिटरचा टँकर आहे आणि दोन पाइप चालू आहेत, तर एक खेप दहा मिनिटं पुरते. तळ्यापर्यंत जाऊन, भरून, परत यायला वीस मिनिटं लागत असतील तर दोन टँकर हवेत. तळं आणखी लांब असेल तर तीन. एका गावाकडे तीन टँकर नसतात, म्हणून शेजारच्या गावांशी आधीच लेखी करार असतात: तुमच्याकडे आग लागली तर आमचा टँकर, आमच्याकडे लागली तर तुमचा. फोन आल्यावर कुणाची परवानगी काढत बसावं लागत नाही; ‘शेतातलं घर’ एवढं कळलं की नियंत्रण कक्ष तिन्ही गावांचे पेजर एकदम वाजवतो.

तळ्याकाठीही पूर्वतयारी दिसते. जमिनीतून वर आलेला, तोंडाला झाकण लावलेला एक पाइप. आत पाणी नसतं म्हणून त्याला कोरडा हायड्रंट म्हणतात. त्याचं दुसरं टोक तळ्यात खोल, हिवाळ्यात बर्फ धरतो त्या थराच्याही खाली असतं. पंप पाइपातली हवा काढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. शहाळ्यात नळी घालून ओढावं तसं. या युक्तीला निसर्गाची मर्यादा आहे. हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर उचलू शकतो, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरायचे. त्यामुळे उंच काठाचं भरलेलं तळंही निरुपयोगी ठरू शकतं, आणि हे आगीच्या रात्री कळून उपयोग नसतो. आग लागल्यावर विहीर खणणं हा आपल्याकडे मूर्खपणाचा दाखला. इथं ती कुठं आणि किती खोल खणायची, हे उन्हाळ्याच्या सुटीत टेप घेऊन मोजलेलं असतं.

कातडी बादल्यांपासून पॅनकेकपर्यंत

या साऱ्याची वंशावळ फिलाडेल्फियात सापडते. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्यांच्या मित्रांनी ७ डिसेंबर १७३६ रोजी युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येक सदस्यानं स्वतःच्या खर्चानं कातडी बादल्या आणि सामान भरून बाहेर काढण्यासाठी पिशव्या-टोपल्या सज्ज ठेवायच्या. बैठकीला दांडी मारली तर दंड, आणि दंडाच्या पैशातून शिड्या, अवजारं. आणखी लोक सामील व्हायला आले तेव्हा त्यांना सुचवलं गेलं, ‘तुम्ही तुमची वेगळी कंपनी काढा.’ आपल्याकडची भिशी, आळीचं गणेश मंडळ आणि तालीम यांची मोट बांधली तर जे होईल, त्याच्या जवळपास जाणारी ही चीज.

तो घरगुतीपणा आजही टिकून आहे. काही गावांत करातून पैसा मिळतो, पण तो पुरत नाही. म्हणून शनिवारचा पॅनकेकचा नाश्ता, बिंगोच्या रात्री, कोंबडीचं बार्बेक्यू, चौकात फायरमनचा बूट हातात धरून गोळा केलेली नाणी. एका नव्या बंबाची किंमत पाच लाख डॉलरच्या पुढे जाते. तेवढे पॅनकेक किती होतात, याचा हिशेब न केलेलाच बरा.

आणि माणसं कमी होत आहेत. देशात १९८४ साली सुमारे ८ लाख ९८ हजार स्वयंसेवक होते. २०२०चा आकडा वर आलाच आहे. पेन्सिल्वेनियातली घसरण तर धडकी भरवणारी आहे. १९७०च्या दशकात तिथं तीन लाखांच्या घरात स्वयंसेवक होते. राज्याच्या विधिमंडळानं नेमलेल्या आयोगाच्या २०१८च्या अहवालात ते सुमारे ३८ हजारांवर आले होते. पूर्वी गावातच गिरणी किंवा कारखाना असायचा, भोंगा वाजला की मालक माणसं सोडायचा. आता नोकरी तासाभराच्या अंतरावर असते, त्यामुळे दुपारी दोन वाजता गावात हाताला लागतात ते म्हातारे आणि शाळकरी पोरं. शिवाय प्राथमिक प्रशिक्षणच शंभराहून जास्त तासांचं आहे. आणि पेजर वाजतो तो बहुतेक वेळा आगीसाठी नाहीच, कुणाच्या छातीत दुखतंय, कुणी जिन्यावरून पडलंय, यासाठी. आपल्याकडेही घाटात बस कोसळली की सरकारी यंत्रणा पोचण्याआधी दोर घेऊन दरीत उतरतात ते आसपासचे ट्रेकर; २०१८ साली आंबेनळी घाटात हेच झालं. त्यांच्यापुढचा प्रश्नही वेगळा नाही. हाकेला धावणारा माणूस त्या वेळी हाकेच्या अंतरावर असावा लागतो.

फुंकणी पोटात असलेलं खत

मिनिटांचा सगळा हिशेब बरोबर आला, माणसं झपाट्यानं पोचली, तरी काय चुकू शकतं हे टेक्सासमधल्या वेस्ट या गावानं पाहिलं. वस्ती जेमतेम २,८००. दल स्वयंसेवी. १७ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास खताच्या गोदामाला आग लागल्याचा फोन आला. माणसं काही मिनिटांतच जागेवर होती. ७ वाजून ५१ मिनिटांनी गोदाम उडालं. १५ जण गेले. त्यांतले १२ आग विझवायला आणि मदतीला धावलेले होते. अडीचशेहून जास्त जखमी, सुमारे २८ मीटर रुंदीचा खड्डा, आणि भूकंपमापकांवर २.१ रिश्टरची नोंद.

गोदामात अमोनियम नायट्रेट होतं. नेहमीच्या आगीला बाहेरून वारा लागतो. या क्षारानं ऑक्सिजन स्वतःच्या रेणूतच बांधून ठेवलेला असतो. म्हणजे फुंकणी त्याच्या पोटातच. उघड्यावर थोडंसं तापवलं तर ते वितळतं, वायू सोडतं, फारसं काही करत नाही. पण ढीग मोठा असेल, वरून कोंडलेला असेल, त्यात काजळी किंवा वितळलेलं प्लास्टिक मिसळलं असेल, तर त्याचा अख्खा ढीग सेकंदाच्या अंशात फुटतो. इथं ते लाकडी कप्प्यांत, लाकडी इमारतीत होतं. पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. अशा वेळी पाइप जोडायचे की सगळ्यांना घेऊन लांब पळायचं, याचा निर्णय वीस मिनिटांच्या आत घ्यायचा होता आणि तो घेण्यापुरतं प्रशिक्षण त्या माणसांना कुणी दिलेलं नव्हतं. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाच्या २०१६च्या अहवालात हे स्पष्ट लिहिलं आहे. गोदाम १९६२ साली उभं राहिलं तेव्हा भोवती मोकळी शेतं होती, असंही त्यात आहे. शाळा, सदनिका, वृद्धांचं शुश्रूषागृह नंतर त्याच्याजवळ सरकत आले आणि कुणी हटकलं नाही.

एप्रिल महिना या धंद्याला लाभत नाही. १६ एप्रिल १९४७ ला टेक्सास सिटीच्या बंदरात याच अमोनियम नायट्रेटनं भरलेलं जहाज फुटलं, तेव्हा गावचं स्वयंसेवी दल जवळपास सगळंच संपलं. आणि १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन. त्या जहाजात स्फोटकं होती आणि त्यात कराचीला कापसाच्या गाठी चढवल्या गेल्या. दुपारी धूर दिसला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्यासाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात रचायचं ठरवणारं कुणी त्या दुपारी पाइप धरून उभं नव्हतं.

वेस्टच्या कथेत भारताचा आणखी एक धागा आहे. कुठल्या कारखान्यात काय साठवलंय हे भोवतालच्या लोकांना आणि स्थानिक अग्निशमन दलाला कळलंच पाहिजे, असा कायदा अमेरिकेनं १९८६ साली केला, तो दोन वर्षांपूर्वीच्या भोपाळच्या हादऱ्यामुळे. त्यानुसार कारखान्यांनी दरवर्षी साठ्याची यादी द्यायची आणि स्थानिक समितीनं त्यावरून आणीबाणीचा आराखडा करायचा. वेस्टच्या गोदामातल्या खताची नोंद कागदोपत्री होती. त्या कागदावरून गावासाठी जो आराखडा व्हायला हवा होता, तो झाला नव्हता.

सोमवारची संध्याकाळ

म्हणून अनेक दलं सरावाच्या संध्याकाळी बंब बाहेर काढण्याऐवजी चालत निघतात. आठवड्यातून एकदा, बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी, पाच-सात जण गावातलं एखादं गोदाम, शाळा किंवा वृद्धाश्रम बघायला जातात. मालकाला विचारतात: मागच्या खोलीत काय ठेवता? पत्र्याखाली लाकूड आहे की लोखंड? वीज तोडायची कळ कुठं? रात्री किती माणसं झोपतात, त्यांतली चालू न शकणारी किती? एकजण कागदावर इमारतीची आकृती काढतो, दुसरा पावलं मोजून दारांची अंतरं लिहितो. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून बंबाच्या पुढच्या कप्प्यात ठेवतात, चालकाशेजारी बसणाऱ्याचा हात पोचेल असा.

लेकीकडे आलेले आजोबा सोमवारी फिरायला निघाले असते तर त्यांना बंबखान्याची शटरं वर गेलेली दिसली असती. दिवे लागलेले, ताडपत्रीचा हौद रस्त्यावर पसरलेला. आणि किराणा दुकानातली ती मुलगी, मोठ्या मापाचे बूट घालून, घड्याळ लावून पाइप जोडत असलेली. एकदा, पुन्हा एकदा, आणि मास्तरांनी ‘दोन सेकंद जास्त लागले’ म्हटल्यावर तिसऱ्यांदा.